आधी पाणी द्या

"आधी पाणी द्या, मग न्हाई म्हना." देणगी मागायला कुणाच्याही दारात गेले की आमचे ऑफिस सुपरिंटेंडेंट असं म्हणत, शर्टाचं वरचं बटण लावत आणि तांब्या ओठांना न लावता सगळं पाणी पिऊन टाकत. आपल्या घरचं पाणी प्यालेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणं जड जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मुलांनो, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, आमच्या युनिव्हर्सिटीकडे एवढा पैसा आहे, तरी बाबांना सारखी देणगीची पत्रं का येतात?" त्याचं उत्तर मला या माणसाने शिकवलं. सगळे त्यांना मामा म्हणत. मीही.

दौंड तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचे आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही होते. मामा कॉलेज पत्र्याच्या शेडमध्ये भरायचं तेव्हापासूनचे. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभे राहून ते ऊस घालायला आलेल्यांकडे वर्गणी मागत. पुढे कॉलेजचं विद्यापीठ झालं, ग्रॅनाइटची कमान आली, एसी सभागृह आलं. मामांचं मागणं काही थांबलं नाही.

यवतच्या बाजारात एकाने टोमणा मारला, "मामा, आता तुमची संस्था आमच्यापेक्षा मालदार. तुम्हीच द्या की आम्हाला वर्गणी!"

मामा हसले. "पैसा लई हाय, पर समदा दाव्याला बांधलेला. कमानीचा कमानीला, पदकाचा पदकाला. हिकडचा तिकडं चरत न्हाई. आन् संडासाच्या पायपाला आईचं नाव द्यायला कोण येतंय, सांगा."

मला तेव्हा ती गंमत वाटली होती.

मग एका एप्रिलमध्ये वसतिगृहाची बोअर आटली. परीक्षा चार दिवसांवर. संस्थेचा मोकळा पैसा पगारात संपलेला. टँकर दिवसाआड, तोही अर्धा. मुली बादल्या घेऊन हायवेवरच्या ढाब्यावर जाऊ लागल्या आणि आईबापांचे फोन सुरू झाले.

त्या सकाळी शिरूरकडचे एक फुलशेती करणारे गृहस्थ पिकअप घेऊनच आले. मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. "पेटी भर," ते तिला म्हणाले. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. परीक्षा न देता घरी गेली तर तिचं लग्नच लागणार, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि त्यांनाही.

"मामा, दारात कारंजं बांधताय आन् माझी पोर ढाब्यावर पाणी भरती, व्हय?"

मामांनी मान खाली घातली. "चार वाजेस्तोवर थांबा, पाव्हणं. चारला पाणी न्हाई दिसलं तर मी सोता तिची पेटी गाडीत ठिवतो."

कारंज्याचा पैसा वरवंडच्या एका बागायतदार आबांनी आईच्या नावाने दिला होता. त्यांच्या सहीच्या पत्राशिवाय तो दुसरीकडे वळवता येत नव्हता. मामा मला घेऊन निघाले.

कारंज्याऐवजी पाण्याची टाकी आणि पाइपलाइन, हे मागणं आबांनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. "उद्घाटनाला पाव्हणे सांगितल्यात, मामा. टाकीवर आईचं नाव टाकू? लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात आबांच्या पत्नी तांब्या घेऊन बाहेर आल्या. मामांनी हात जोडले. "आज न्हाई, वहिनी. पोरींना मिळंल तवा पिईन."

दोन वाजून गेले होते. ओसरीवरचा पत्रा तापून तडतडत होता. मामा साठीच्या घरातले, साखरेचा आजार असलेले. ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, "मामा, घ्या हो, चक्कर येईल." त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. पायरीवर बसून राहिले. आबा आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. वहिनी तांब्या घेऊन तशाच उभ्या.

शेवटी वहिनीच नवऱ्याला म्हणाल्या, "सासूबाईंनी कधी कुणाला ह्या दारातनं तहानलेलं धाडलं न्हाई. आन् तुम्ही त्यांच्या नावाचं पाणी नुसतं उडवायला निघालाय."

आबांनी वहिनींच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पेन आणा."

आम्ही पोचलो तेव्हा पिकअप चालू होती आणि पेटी हौद्यापाशी आणून ठेवलेली होती. मामांनी वाटेतूनच टँकरवाल्याला फोन केला होता, पण टँकर आमच्या मागे होता. मुलीच्या वडिलांनी घड्याळ दाखवलं. मामा पेटीपाशी गेले. मला वाटलं, शब्द पाळायला. तेवढ्यात कमानीखालून टँकर आत वळला. वडिलांनी इंजिन बंद केलं आणि पेटी स्वतःच उचलून वसतिगृहाच्या दारात नेऊन ठेवली. ती मुलगी परीक्षेला बसली. आठवड्यात कारंज्याच्या पैशातून जवळच्या शेततळ्यावरून पाइपलाइन आली. टाकीवर आबांच्या आईचं नाव आहे. मामांचं कुठेच नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. आता देणगी मागायला दारात कुणी येत नाही. विद्यापीठातून फोन येतो. मागच्या आठवड्यात एका मुलीचा आला. पाठ केलेलं भरभर बोलत होती, घसा कोरडा पडला होता.

"मॅडम, कुठल्या निधीसाठी देणार? इमारत, पदक, की क्रीडासंकुल?"

"कुठल्याच नाही. लागेल तिथे वापरा."

ती गोंधळली. "फॉर्ममध्ये तसा रकानाच नाहीये, मॅडम."

"असू दे बाळ," मी म्हटलं. "आधी पाणी पी. मी फोन धरून बसते."