आबांचे गाळलेले दोन तास

दुपारी जेवून मी जरा आडवी झाले आहे. झोपायचं नाही, कारण पाचच्या आत निनादला उत्तर द्यायचं आहे. निनाद आमच्या सिनेमाचा दिग्दर्शक, मी लेखिका, आणि सिनेमा माझ्या आबांवर. आबा लाइनमन होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. एका वादळात तुटलेली तार जोडून त्यांनी दवाखान्याची वीज परत आणली आणि काचेच्या पेटीत ठेवलेलं, सातव्या महिन्यात जन्मलेलं एक बाळ वाचलं. गावानं सत्कार केला. हे सगळं मी लिहिलं आहे. मधले दोन तास तेवढे गाळले आहेत, कारण त्या दोन तासांत आबा खांब सोडून पळाले होते.

ही गोष्ट आईनं निनादला सांगून टाकली. तेव्हापासून तो हटून बसला आहे. "ते दोन तास नसतील तर मला हा सिनेमा करायचाच नाही, वैजू," असं काल त्यानं स्वच्छ सांगितलं. मी भडकले. बाप माझा आहे, त्याचा नाही.

डोळे नुसते मिटते. पंख्याचा आवाज हळू होतो, पाती एकेक करून दिसायला लागतात.

"व्होल्टेज उतरलंय," पायाशी बसलेले आबा म्हणतात.

खाकी शर्ट, खिशात टेस्टर, दाढी दोन दिवसांची. मला नवल वाटत नाही. मी पाय आखडून त्यांना जागा करते.

"चहा टाकू आबा?"

"नगं. पिच्चर चुकंल."

खरंच की, आम्ही आमच्या गावच्या थिएटरात बसलो आहोत. माझी उशी खुर्चीच्या पाठीला टेकवलेली आहे. पडद्यावर वादळ चाललंय आणि एक देखणा गडी छाती काढून सरसर खांबावर चढतोय. तारा तडतडतात, त्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

"ह्यो कोण गं?"

"तुम्ही, आबा."

"मी?" आबा पुढं वाकून बघतात. "ह्येला घाम येत न्हाई व्हय?"

मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसतं. मला राग येतो. मी चार महिने राबून हा माणूस उभा केलाय.

"तुम्ही शूर होता म्हणून तसं लिहिलंय."

"आगं, ज्येला भ्याच वाटत न्हाई त्येचं कवतिक कसलं? पंख्याला कुणी शाबासकी देतंय व्हय फिरतोय म्हणून?"

आबा चपला काढून मांडी घालतात, आणि बसल्या जागी भिंती जातात. आम्ही एका गुऱ्हाळाच्या कट्ट्यावर आहोत. समोरच्या काहिलीत उसाचा रस उकळतोय, तोंडावर गोड वाफ येतेय. आबांचे हात मांडीवर आहेत आणि थरथरताहेत. पळून ते इथंच येऊन बसले होते, एवढं आईनं सांगितलेलं मला ठाऊक आहे. त्यांचे हात असे हलत असतील हे मात्र मला सुचलं नव्हतं.

"मारुतीचं डोळं दिसत हुतं," ते म्हणतात. मारुती त्यांचा जोडीदार, वर्षभर आधी खांबावरच शॉक लागून गेलेला. "निम्म्यावर चढलो आन् हात सुटाया लागलं. खाली उतरलो. पोटात कळ आली म्हनून लोकांस्नी खोटं सांगितलं आन् सायकल काढली."

"पण तुम्ही परत गेलात ना?"

"दोन तासांनी. तवर बाळाला नर्सबाई गरम पाण्याच्या बाटल्यांवर जगवत हुत्या. आन् दुसऱ्या कुणाला तार जोडाया चढता येईना, कारण परमिट माझ्या नावावर."

परमिटचं मला लहानपणापासून माहीत आहे. लाइनमन सबस्टेशनला फोन करून आपल्या नावावर परमिट घेतो, मगच लाइन बंद होते. काम झालं की ते त्यानं स्वतःच परत करायचं. तोवर साहेब आला तरी दुसरं कुणी त्या लाइनला हात लावत नाही, की वीज सोडायचा खटका चढवत नाही.

"ते बाळ गेलं असतं तर, आबा?"

"म्हनून तर सत्काराला मान वर झाली न्हाई माझी. लोकांस्नी वाटलं, किती साधा माणूस." ते हसत नाहीत. "लई भ्यालो हुतो, बाय. परत खांबाखाली गेलो तवाबी भ्यालेलाच हुतो. तसाच चढलो."

जन्मभर मी या माणसाला मानत आले, पण इतकं कधीच नाही. छाती काढून चढणारा तो गडी माझा कुणीच लागत नाही. हा माझा बाप, थरथरत्या हातांनी, खोटं बोलून पळालेला आणि तरी परत गेलेला.

एकदम अंधार होतो. पुन्हा थिएटर. पडदा काळा, लोक शिट्ट्या मारताहेत, कुणीतरी "लाइट, लाइट!" म्हणून ओरडतंय.

"आबा, लाइन गेली. करा ना चालू."

"मला कशी करता यील? परमिट तुझ्या नावावर हाय."

"माझ्या?"

"तूच घेटलंस की. आन् काम टाकून निघून आलीस." त्यांचा आवाज रागाचा नाही. ते माझ्या डोक्यावर हात ठेवतात, तळवा खरखरीत आणि गरम. "व्हतंय असं. जा, सांग त्येंस्नी."

खुर्चीच्या हातावर सबस्टेशनचा काळा फोन आहे. मी उचलते. पलीकडून खरखरीतून एक माणूस विचारतो, "बोला, कोण बोलतंय?" मी नाव सांगते. पुढचं तोंडातून निघत नाही. लोक अंधारात थांबलेत. आबा शेजारी आहेत की गेले, दिसत नाही. मग मी बोलते, सगळं बोलते, रडत बोलते.

उजेड होतो.

खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर आलंय. उशी ओली आहे, कान दुखतोय, आणि गालाखाली माझाच मोबाइल दबलेला आहे, गरम झालेला. पाचला वीस कमी. पडद्यावर निनादला लावलेला अकरा मिनिटांचा कॉल दिसतो आणि त्याखाली त्याचा मेसेज:

"तुला मध्ये अडवलं नाही. सगळं जसंच्या तसं लिहून घेतलंय. सिनेमा तुझ्या पहिल्या वाक्यानं सुरू करू या का? 'माझे आबा भ्याले होते, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.'"