छपरावरच्या कुरडया

पिंपळवंडीच्या घरावर मी हौसेनं शिंगलचं छप्पर घातलं. डांबराच्या काळ्या चकत्या, त्यांवर बारीक खडी बसवलेली. जन्मभर बघायला नको, असं ठेकेदार म्हणाला होता.

शेजारच्या मळ्यातल्या आजीचं नाव मला अजून माहीत नाही, आणि माझ्याच घरात ती मला ‘पावणं’ म्हणते. उन्हाळा लागला की माझीच शिडी लावून ती वर चढायची आणि बसल्या बसल्या सरकत कुरडया पसरायची. ‘आमच्या पत्र्यापरीस तुमचं छप्पर लई तापतं,’ असं शाबासकी दिल्यासारखं म्हणायची.

तिसऱ्याच पावसाळ्यात घर गळलं. ठेकेदार वर चढून पाहून आला.

‘चकत्या उन्हानं तडकल्यात, ते समजलं. पण वरची खडी गेली कुठं?’

तेवढ्यात आजी तळलेल्या कुरडयांची ताटली घेऊन आली. ‘यंदा जरा कचकच लागत्यात, पर गोड मानून घ्या.’

आम्ही एकेक तोंडात टाकली. ठेकेदार चावायचा थांबला आणि वर बघू लागला. मी मुकाट्यानं माझं छप्पर चावत राहिलो.

‘पावणं, नवं घालताना सपाट घाला,’ आजी म्हणाली. ‘उतारावर बसून कंबर लई धरती.’