हार्ड डिस्कसाठी गाऱ्हाणं

यंत्रांवर इतकी माया करणारा आणि माणसांची इतकी गैरसोय करणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांशिवाय विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत दुसरा सापडणार नाही. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बिघडलेल्या हार्ड डिस्कमधला डेटा वाचवायचं काम ते स्वतःच शिकले. विक्रोळीच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत प्रत्येक डिस्कखाली घडी केलेला पंचा असतो आणि वर चिठ्ठी: ‘घाबरट’, ‘हट्टी’, ‘आशा आहे’. घरघर डिस्कला मानवत नाही म्हणून फ्रिज शेजाऱ्यांकडे गेलाय. मामी दुधासाठी शेजारी जातात आणि चटणीही तिथेच वाटतात. जावयाला अहोजाहो करायची रीत मामा पाळत नाहीत. मला अरेतुरे, आणि डिस्कला ‘बाय माझे’.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, तोही विज्ञानाचा, आणि हे मी कुणाला विसरू देत नाही. घरी चार डिस्कचा डबा मीच जोडला होता. त्यात एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी सगळं सांभाळून घेतात. एक गेली, डबा पीं पीं करायला लागला. मी पुस्तिका वाचून ती पीं पीं बंद केली आणि नवी डिस्क आणायची विसरलो. तीन महिन्यांनी दुसरी टकटक करायला लागली तेव्हा डबा उचलून मामांकडे धावलो. त्या डब्यात अण्णांचं शेवटचं गाऱ्हाणं होतं. अण्णा, माझे वडील, गिरणीत होते. दर गणपतीला सगळ्या घरासाठी देवाकडे मागणं मागायचं, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, ते काम त्यांचंच, आम्ही मागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचो. रेकॉर्डिंग तेवढंच.

मामांनी डब्याला स्टेथोस्कोप लावला. “चारय एकाच दिवशी घेतलंस?”

“हो.”

“मगे एकदमच म्हाताऱ्यो होतल्यो. ह्या कॉलेजात शिकवूक नाय?”

मी म्हटलं, नवी डिस्क घालू, डबा आपोआप भरून काढेल.

“म्हणजे ह्या आजारी बायेक पयल्यापासून सगळा वाचूक लावतलंस? आजारी माणसाक कोण जिने चढवता रे?”

त्यांची रीत वेगळी. वाचता येईल तेवढं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, खराब जागा सोडून पुढे जायचं, आणि डिस्कला विश्रांती देऊन त्या जागांकडे परत यायचं. पण त्याआधी गाऱ्हाणं. डब्यापुढे विडा आणि नारळ ठेवला. नारळ फोडला नाही, हादरा बसेल म्हणून. “बा देवा म्हाराजा, एक गेली हा, दुसरी आजारी हा. ह्या शिकलेल्या लेकरान चूक केली हा, ती पोटात घाल.” मामी माझ्याकडे बघत होत्या. मी, विज्ञानाचा पदवीधर, कुजबुजत म्हणालो, “व्हय म्हाराजा.”

आठवडाभर मी ऑफिसातून परस्पर तिकडे जायचो. मधल्या रविवारी डिस्कला सुट्टी होती. शनिवारी मामांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. अण्णांचा आवाज. “माझो झील शिकलो, म्हाराजा. आता त्येका एकच...” आणि पुढे अकरा सेकंद काहीच नाही. मग एकदम सगळ्यांचा ‘व्हय म्हाराजा’.

“थंय डिस्कच झिजली हा,” मामा माझ्याकडे न बघता म्हणाले.

अण्णांनी माझ्यासाठी काय मागितलं ते मला आठवत नाही. खरं सांगायचं तर तेव्हा माझं लक्ष मोदकांकडे होतं. पण ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझाच आहे.

बाकीच्या डिस्क मामांनी परत दिल्या. ही टकटकणारी दिली नाही. अजून ती पंच्यावर आहे. चिठ्ठीवर आधी ‘हट्टी’ होतं, ते खोडून ‘आशा आहे’ लिहिलंय. विचारलं तर म्हणतात, “जरा बरी दिसली काय बघतलंय. तू टाच आपटू नको.”

मी त्या खोलीत अजून चवड्यांवर चालतो.