मावसाजी आणि बुद्धीचा डबा

माझ्या डोक्यात काहीतरी आहे, असं ठामपणे मानणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच होऊन गेला: माझ्या मावशीचे यजमान, आमचे मावसाजी. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळदीची पारख करण्यात त्यांची हयात गेली. मी दहावीत सहामाहीला गणितात अकरा गुण मिळवले, आणि दर रविवारी मावसाजी बुद्धिवर्धक पावडरीचा नवा डबा घेऊन आमच्या गावी, गोरेगावला, जीपमधून उतरू लागले. डब्यावरचं एक अक्षर ते वाचत नसत. हळदीसारखीच चिमूटभर पावडर तळहातावर चोळायची, हुंगायची, जिभेला लावायची आणि निकाल द्यायचा, "माल चोख हाय." तरीही मला देण्याआधी आठवडाभर ते स्वतः घेत आणि एकोणीसचा पाढा म्हणून बघत. पाढा सातव्या ओळीवर अडायचा. "अजून चढली न्हाई," म्हणत ते आणखी एक चमचा घेत.

त्या पावडरीला हळदीचा वास यायचा आणि दुधात ती ओल्या खडूसारखी लागायची. म्हणून मी पेला घेऊन अभ्यासाला गोठ्यात जायचे आणि तो कालवडीच्या घमेल्यात रिकामा करायचे. सराव परीक्षेत मला चौदा गुण मिळाले. कालवड मात्र अशी तकाकली, की शेजारीपाजारी तिला बघायला येऊ लागले. मावसाजी शेवटी पारखी माणूस. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, घमेलं हुंगलं आणि विचारलं, "हिला पाजून राहिलीस व्हय?"

मी मान खाली घातली. आता आपलं काही खरं नाही, असं वाटलं. पण ते गव्हाणीपाशी खाली बसले. "म्या गणितातच अडकलो, बाई. तिथंच शाळा सुटली. तुझी सुटू नये म्हून करून राहिलो सगळं." मला फार लाज वाटली. तेच पुढं म्हणाले, "आण पुस्तक. बिगर पावडरीचं बसू."

मग परीक्षेपर्यंत दर रविवारी मी त्यांना गणितं समजावून सांगायचे आणि सांगता सांगता मलाच कळायची. त्यांना कितपत कळली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मला अडतीस गुण पडले. मावसाजींनी मोंढाभर पेढे वाटले, एक कालवडीलाही दिला.

यंदा माझी मुलगी दहावीत आहे. त्या डब्यांना आयुष्यभर हसलेली मी, परवा गुपचूप तसलाच डबा घेऊन आले. चिमूटभर पावडर तळहातावर चोळली, हुंगली. तिला हळदीचा वास नव्हता. तो मावसाजींच्या हातांचा होता, हे इतक्या वर्षांनी कळलं आणि त्यांची फार आठवण आली. डबा तसाच फळीवर ठेवला आणि मुलीला हाक मारली, "गणिताचं पुस्तक आण गं. मला शिकव."