फिल्मखाली अडकलेला केस

त्याला सगळे भिंगरी म्हणत. सलूनमध्ये गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की हा त्याच्याभोवती असा गरगरायचा, की शेजारच्या दुकानातले शिंपीकाका म्हणायचे, "अरे, खुर्ची फिरणारी घेतलीस ना? मग तू कशाला फिरतोस?" पाय पळायचे, डोळे पळायचे, जीभ तर सगळ्यांच्या पुढे. कात्री हातात असेपर्यंत बोटं तेवढी शांत. कात्री खाली ठेवली की तीही बिथरायची.

आज सलून बंद होतं, आणि बोटं सकाळपासून बिथरलेली होती.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. लालभडक, कोरी करकरीत. गाडी बायकोची, लायसन्स बायकोचं. काळजी मात्र सगळी याची. याला स्वतःला चालवता येत नव्हती. परीक्षेला बसला तेव्हा ब्रेक समजून भलतंच दाबलं आणि परीक्षकाला देव आठवला. बायको पहिल्या फटक्यात पास झाली. तेव्हापासून गाडी बाहेर काढायचा विषय निघाला की याला काहीतरी आठवायचं. आधी सीटकव्हर. मग पायाखालचे मॅट. मग मागचा कॅमेरा. "एवढं झालं की ने खुशाल!"

आता फिल्म निघाली होती. रंगावर चढवायची पारदर्शक फिल्म. खडा उडून लागला तरी ओरखडा उठत नाही, असं मोबाइलवरच्या व्हिडिओतला एक माणूस छातीठोकपणे सांगत होता.

"दुपारी मी निघणार," बायकोने चहाचा कप त्याच्यासमोर आदळत बजावलं. "फिल्म लागो, न लागो. आईला आज दवाखान्यातून सोडतायत. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सगळ्या वॉर्डाला सांगत सुटलीये, लेक गाडी घेऊन येणार म्हणून."

"लागेल गं. बॉनेट तेवढं राहिलंय."

"तुमचं 'तेवढं' मला ठाऊक आहे. तुमच्या 'तेवढ्या'त माझे केस रंगवायचेही राहिले. बघा, मुळं कशी पांढरी फटक पडलीत."

पण त्याचं लक्ष कुठे होतं? तो शर्ट झटकत होता. फिल्मचा वैरी म्हणजे कचरा, हे त्याने पाठ केलं होतं. आणि सलूनवाल्याच्या अंगावर अख्ख्या गल्लीचे केस! म्हणून त्याने पहाटेच डोक्यावरून आंघोळ केली होती, धुतलेला शर्ट घातला होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या, डोक्याला टोपी घट्ट बसवली होती. शेडची जमीन पाणी मारून भिजवली होती. दाराला ओली चादरही टांगली होती.

"ऑपरेशन इथेच करणार होतास की काय सासूबाईंचं?" चादर बाजूला सारत शिंपीकाका आत आले.

"काका, चप्पल बाहेर! आणि जपून बोला, फुंकर नको."

"श्वास घेऊ का?"

"नाकाने घ्या."

त्याने फवाऱ्याच्या बाटलीतून साबणाचं पाणी बॉनेटवर मारलं. बाटली सलूनमधलीच, तिचा खटका त्याच्या बोटांच्या सवयीचा होता. एवढी रुंद फिल्म एकट्याला पेलणारी नव्हती. बायको न्हाऊन, केस पाठीवर मोकळे सोडून आली आणि पलीकडची टोकं धरून उभी राहिली. त्याने मागचा कागद सोलला. चिकट बाजूवर पाणी मारलं.

"धर. ओढू नकोस. ताणू नकोस. सोड. अगं सोडू नको!"

"एक काहीतरी सांगा."

"हलू नको!"

"मी हललेच नाही. गाडीभोवती तुम्ही नाचताय."

फिल्म खाली टेकली. त्याने रबरी पट्टी घेतली आणि मधून कडेकडे पाणी ढकलायला सुरुवात केली. आता बोटं शांत झाली. दाढीचा फेस काढावा तसं पाणी पट्टीपुढे सरकत गेलं, कडेवरून ओघळलं. एके ठिकाणी हवेचा फुगा राहिला. काकांनी कॉलरमागची सुई काढून दिली. टोचलं, दाबलं, फुगा गेला. बायकोचा केस सुकवायचा ड्रायर घेऊन त्याने कडा गरम केल्या, दुमडल्या. बॉनेट आरशासारखं झळकलं.

"झालं!" काका म्हणाले.

"थांबा." तो वाकला होता. "केस आहे."

बरोबर मधोमध. फिल्मच्या खाली, पाण्यात बुडालेल्या धाग्यासारखा.

"कुणाचा असेल? तो जाड चष्मेवाला? नाही, त्याचे राठ. शाळेतल्या शिपायाचा? छे, तो तर टकलाच झालाय आता." तो गाडीभोवती फिरायला लागला. "एवढी काळजी घेतली, एवढी आंघोळ केली..."

"पंचनामा कर," काका म्हणाले. "साक्षीदार आहे मी."

तो पुन्हा वाकला. केस लांब होता. काळा. आणि एका टोकाला बोटभर पांढरा.

त्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं. बायकोने पाठीवरची ओली बट पुढे ओढून पाहिली.

गल्लीभरच्या केसांपासून याने गाडी वाचवली होती. समोर वाकून उभी असलेली मोकळ्या केसांची बाई तेवढी त्याला दिसली नव्हती.

"माझाच की!" ती म्हणाली. "बरं झालं. गाडीवर नाव घालायचं राहिलंच होतं."

"उचलतो. पुन्हा भिजवतो, केस काढतो, पुन्हा बसवतो. मग एक दिवस गाडी हलवायची नाही, वाळायला..."

तेवढ्यात फोन वाजला. आईचा आवाज शेडभर ऐकू आला. "अगं, मी पिशवी भरून, चपला घालून बसलेय. निघालीस का?"

"निघालेच." तिने केसांची गाठ मारली आणि गाडीचं दार उघडून आत बसली.

तो गाडीसमोर जाऊन उभा राहिला. हात बॉनेटवर. "आज नको ना. भाड्याची गाडी सांगू. रस्त्यावर काय एकेक ट्रकवाले असतात. एखाद्याने ठोकलं, तर ही फिल्म काय करणार आहे?"

कडेवरून थेंब पडत होते.

"तेच तर मी महिनाभर विचारतेय," ती खिडकीतून डोकं काढून म्हणाली. "मग कशासाठी लावलीत?"

त्याने बॉनेटवरचा हात उचलला.

"येताय बरोबर?"

"मी शेजारी बसलो तर तुला चालवू देईन का?"

"नाही."

"म्हणूनच. जा तू."

त्याने स्वतः चादर बाजूला धरली. गाडी सावकाश निघाली, कोपऱ्यावर दिवा लुकलुकला, वळली.

शेडमध्ये ओल्या जमिनीवर गाडीच्या आकाराचा कोरडा चौकोन उरला. तो त्याच्याभोवती फिरायला लागला.

"बस रे," काकांनी स्टूल सरकवलं.

"बसलोच आहे," तो चालता चालता म्हणाला. "पोचली असेल?"

"अजून गल्लीच्या बाहेर नसेल पडली."

चौकोन हळूहळू पुसला गेला, जमीन सगळीच वाळली, तरी तो नसलेल्या गाडीला फेऱ्या घालत होता. प्रत्येक हॉर्नला दारापर्यंत जायचा. काकांनी दोनदा चहा मागवला. दोन्ही कपांवर साय धरली.

शेवटी ओळखीचा हॉर्न वाजला. गाडी आत शिरली. फिल्मचा पुढचा एक कोपरा सुटून जिभेसारखा फडफडत होता. तो धावला, पण कोपऱ्याकडे नाही. त्याने सासूबाईंचं दार उघडलं आणि त्यांच्या डोक्यावरून बायकोकडे पाहिलं. ती होती. जशीच्या तशी. नुसती घामेजलेली, आणि कधी नव्हे एवढी खूश.

"जावईबापू," सासूबाई डोळ्यावरची पट्टी सावरत उतरल्या, "एका डोळ्याने दिसतंय ते खरं का? तुमच्या गाडीवर केस आहे."

"असू द्या. गाडीवालीचाच आहे." मग तो बायकोला म्हणाला, "उद्या सकाळी खुर्चीत बस. मुळं रंगवून देतो."

"उद्या नाही जमायचं. आईला मावशीकडे न्यायचंय."

"गाडीने?"

"नाही, विमानाने."

काका खदखदून हसले. त्याने सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला. तो बसेना. तरी दाबत राहिला.

"मावशीकडचा रस्ता," त्याने विचारलं, "चढाचा आहे ना गं? ब्रेक तेवढे तपासून घेऊ?"