चौथी चादर

तो तक्रार अर्ज अजून माझ्या डोक्यातून जात नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत खोटं बोलणारा माणूस मी बहुधा पहिल्या दहा मिनिटांत ओळखत असे. या प्रकरणात दोघं समोरासमोर बसून एकमेकांविरुद्ध बोलत होते आणि मला दोघंही खरे वाटत होते.

तेव्हा मी सोलापुरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. अर्जदार सत्तरीची विधवा. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून ती भावाच्या घरी मागच्या दोन खोल्यांत राहायची. भाऊ चादरी विणणारा. घर त्यानं स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. तो वारला आणि पुतण्यानं घर पाडून नवं बांधायचं ठरवलं. आत्यानं करकंबला दिराकडे जावं, असं त्याचं म्हणणं. बाईचं म्हणणं, भावानं मृत्युपत्र करून दोन खोल्या तिला हयातभर दिल्या होत्या आणि पुतण्यानं ते लपवलं.

मी दोघांना समोर बसवून जबाब घेतले. बाई आधी बोलली.

“माझ्यासमोर लिहिलं की हो. पेटीत ठेवलं त्यानं. वाचता येत न्हाय म्हणून दिसत बी न्हाय व्हय मला?”

पुतण्या उसळला. “पेटी तीनदा उलटी केली साहेब! आत्या, कशाला खोटं बोलायलीस?”

“तुला मांडीवर घेऊन भात भरवला, तवा खोटी न्हवते व्हय रं?”

त्यानं मान खाली घातली, पण जबाब बदलला नाही. पुढच्या दोन दिवसांत मी त्याला आणखी दोनदा बोलावलं, प्रश्नांचा क्रम बदलून विचारलं. उत्तर तेच. पेटीचा पंचनामा केला: धोतरं, चष्मा, अकरा नव्या चादरी. कागद नाही. मला खरोखर काही कळेना.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी राहणारा म्हातारा कामगार ठाण्यात आला. बस म्हटलं तरी बसेना.

“तिचा भाऊ कागद कुटं ठेवायचा ठाऊक हाय का साहेब? चादरीच्या घडीत. कारखान्यात घडीत मापाची चिठ्ठी घालून घालून सवय लागलेली. लाईटबिल पण तितंच.”

अकराही चादरी उलगडल्या. तीन लाईटबिलं आणि रेशनकार्ड निघालं. मृत्युपत्र नाही. मग मी विचारायला हवा होता तो प्रश्न माझ्या हवालदारानं विचारला. “आधी किती होत्या?”

“पंधरा,” पुतण्या म्हणाला आणि थबकला. “चार तेराव्याला दिल्या. खांदा दिलेल्यांना. आमच्या घरची रीत हाय.”

तिघं गल्लीतलेच. त्यांच्याकडे काही मिळालं नाही. चौथा सांगोल्याचा नातेवाईक. त्यानं चादर मुलीच्या लग्नासाठी घडी न मोडता ठेवली होती. हवालदार ती घेऊन आला, दोन पंचांसमोर घडी उघडली आणि कागद निघाला. पुतण्यानंच तो नकळत स्वतःच्या हातानं देऊन टाकला होता.

बाई, पुतण्या आणि शेजारच्या म्हाताऱ्याला ठाण्यात बोलावून मी तो मोठ्यानं वाचला. “मागच्या दोन खोल्या बहिणीला, ती असेपर्यंत. तिला कुणी जा म्हणू नये.” खाली सही. त्याखाली ‘साक्षीदार’ हा शब्द दोनदा, आणि दोन्हींपुढे कोरी जागा. साक्षीदारांच्या दोन सह्यांशिवाय मृत्युपत्र कोर्टात टिकत नाही. माझ्या पंचनाम्यावर पंचांच्या दोन सह्या होत्या. मृत्युपत्रावर साक्षीदाराची एकही नव्हती.

“मला म्हणाला असता तर केली असती की सही,” शेजारचा म्हातारा हळहळला. “पण पोरावर भरवसा न्हाय म्हणून लिवलं, असं गल्ली म्हणंल, ह्याची लाज त्याला.”

“परत वाचा साहेब,” पुतण्या म्हणाला. मी वाचलं. तो उठला. “आत्या, चल घरी.”

बाई उठली नाही. “ह्या कागदावर, का तुझ्या म्हणण्यावर?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

‘गुन्हा निष्पन्न होत नाही’ असा शेरा मारून मी अर्ज निकाली काढला. बाई अजून तिथंच राहते म्हणतात, पण पुतण्याच्या मर्जीवर. उद्या तो आधी गेला तर तिचं काय, हे मला आजही सांगता येत नाही. मृत्युपत्र फार इस्टेट असणाऱ्यानंच करायचं असतं, असं मीही समजत होतो. निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात माझं केलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि ते कुठं ठेवलंय हे घरात सांगितलं.

चौकशीच्या वेळी मी त्या गल्लीतली घरं मोजली होती. बावीस. बाईच्या भावाला सह्यांसाठी फक्त दोन दारं वाजवायची होती.