मायचे हात अडकू नयेत म्हणून

धनजहून कारंज्याची बस निघायच्या बेतात होती. बाबांनी माझी बॅग आणि गादीची वळकटी आत ढकलली आणि म्हणाले, "पोचली का फोन कर बरं." मग मायकडे बघून ते बाजूला झाले. मायने माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं. दोन बोटं आधी आपल्या डोळ्यांकडे नेली, मग माझ्याकडे. मला दिसत राहा, असं ती सांगत होती.

माय बहिरी आहे. अगदी लहान असताना कसल्याशा तापात तिचे कान गेले आणि बोलणं तर आलंच नाही. खुणांची भाषा शिकवणारं गावात कुणी नव्हतं, म्हणून आमच्या घराने आपल्यापुरत्या खुणा केल्या. मिशीवर बोट म्हणजे बाबा. भुवईवरची खोक म्हणजे धाकटा भाऊ. गालावरची खळी म्हणजे मी. एवढ्या भाषेत माय भांडते, चेष्टा करते, भाव पाडून मागते. फक्त समोरचा माणूस दिसायला हवा. फोनवर तिच्याशी बोलायचं तर व्हिडिओ कॉलच करावा लागतो.

वाशीमला मी नर्सिंगला आले. दोन खोल्यांच्या घरात आम्ही तिघी होतो. रिठदची काजल पोलीस भरतीची तयारी करत होती आणि अनसिंगची शाहीन फार्मसीला होती. तिघींचाही मोबाइलचा डेटा रोज दुपारपर्यंत संपायचा, म्हणून घरात वायफाय घ्यायचं ठरलं. दोन पर्याय होते. एक म्हणजे सिमवर चालणारा छोटा राऊटर, आणून लावला की झालं. दुसरं म्हणजे केबलवाल्याचं फायबर, त्याला भिंतीतून वायर आत घ्यावी लागणार होती. घरमालकीण काकूंनी नुकताच रंग दिला होता. "भितीले छेद पाडाचा नाई," त्यांनी स्पष्ट सांगितलं.

काजलने मला विचारलं, "तुले कायच्यासाठी पाह्यजे नेट?"

"मले काई बी चालते," मी म्हणाले.

ते खोटं होतं. पण शाळेत मुलं मायच्या हातवाऱ्यांची नक्कल करायची, आणि ते मी इथे नव्याने सुरू होऊ देणार नव्हते. मायशी बोलायला मी गच्चीवर जायचे, पाण्याच्या टाकीला फोन टेकवून ठेवायचे. मैत्रिणींना वाटायचं, हिचं कुणाशी तरी जमलंय.

सिमचा राऊटर आला. काजलची लेक्चर्स सुरळीत चालू लागली, शाहीनच्या मालिकाही. माझं मात्र विचित्र व्हायचं. माय मला स्वच्छ दिसायची, पण मी तिला तुकड्यातुकड्यांनी दिसायचे. ती डोळे बारीक करून फोनजवळ यायची, मग हात हलवून सोडून द्यायची.

दिवाळीच्या आधी मला तीन दिवस ताप आला. बरं वाटल्यावर मी मायला कॉल लावला. आधी कपाळावर तळहात ठेवला, म्हणजे ताप. मग हात झटकला, म्हणजे गेला. मायपर्यंत पहिली खूणच पोचली आणि चित्र तिथेच थांबलं. डोळे मिटलेली, कपाळावर हात धरलेली मी तिच्यासमोर राहिले, आणि कॉल तुटला. ती शनिवारची दुपार होती. निरोप पोचला असं समजून मी फोन ठेवून वॉर्डच्या ड्युटीवर गेले आणि परतल्यावर तो चार्जिंगला लावायचंही विसरले. बाबा कॉल लावत राहिले, फोन बंदच.

रविवारी सकाळी मी अंगणात युनिफॉर्म धूत होते तेव्हा फाटक वाजलं. मायच आत आली, मागून बाबा. वावरात कापलेलं सोयाबीन पडलेलं आणि आभाळ भरून आलेलं, तरी दोघं पहिल्या बसने निघाले होते. मायने माझं कपाळ बघितलं, मान बघितली, पोटाला हात लावला. अंग गार होतं. तिने माझ्या खांद्यावर दोन चापट्या मारल्या, पायरीवर बसली आणि रडायला लागली.

मायचं रडणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगते, तो आवाज मोठा आणि खरखरीत असतो, कारण तो तिला स्वतःला ऐकूच येत नाही. काजल आणि शाहीन धावत बाहेर आल्या. ज्याची मला एवढी भीती होती ते घडलं, आणि कुणी हसलं नाही. शाहीन आत जाऊन पाणी घेऊन आली. काजल मायजवळ बसली.

"माय बोलत नाई तुयी?"

"हातानं बोलते."

"मंग त्या दिवशी कायले म्हणली, काई बी चालते?"

मी तिला शाळेतल्या नकलेचं सांगितलं. छातीवरचं केवढं तरी ओझं तिथेच उतरलं.

काकूंनी चहा केला. बाबांनी त्यांना तुटलेल्या कॉलची सगळी हकिकत सांगितली. मायच्या हातात कप देऊन काकू मला म्हणाल्या, "पाडा छेद. पण खिडकीच्या बाजूनं पाडा, अन् सिमेंट भरून द्या." दुपारच्या बसने दोघं परत गेले. संध्याकाळी बाबांचा फोन आला की शेजाऱ्यांनी सोयाबीन गोळा करून त्यावर ताडपत्री टाकली होती. दोन थेंब आले आणि गेले.

मग कनेक्शनचं सगळं काजलने हातात घेतलं. जो केबलवाला येईल त्याला ती एकच प्रश्न विचारायची, "आमच्याकडून जाणारं चित्र तुटते काय?" दोघे जण नुसता डाउनलोडचा आकडा सांगत राहिले. तिसऱ्याने नीट समजावलं. येणारं आणि जाणारं वेगळं असतं. तुमच्या राऊटरमधून येतं भरपूर, पण इथून जायला, म्हणजे अपलोडला, वाट अरुंद आहे. वायरच्या लाइनवर दोन्हीकडे सारखं मिळेल. काजलचा त्यावरही विश्वास बसेना. त्याची लाइन शेजारच्या घरी होती, तिथे ती मला घेऊन गेली आणि म्हणाली, "लाव मायले."

धनजला रेंज बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर चांगली मिळते. माय तिथे बसली होती. मी खुणा केल्या, ताप नाही, जेवले, भेंडी होती. एकही हात अडकला नाही. मग शेजारणीची शेळी तिची मेथी कशी खाऊन गेली ते तिने शिंगांसकट सांगायला घेतलं. ती शेजारीण तिच्या बाजूलाच बसून कौतुकाने मान हलवत होती. मला हसू आवरेना. काजलला काही कळलं नाही, पण तीही हसत होती. लाइन पक्की केली.

पुढची दोन वर्षं मी घरात बसून, उजेडात, सगळ्यांसमोर मायशी बोलले. शाहीन फोनसमोर येऊन बोटं तोंडाशी न्यायची, जेवली का म्हणून. माय तिला रोज वेगळी भाजी सांगायची.

आता मी नागपूरला नर्स आहे. खोली बघायला गेले की लोक पाणी विचारतात, मी आधी अपलोड विचारते. धनजच्या माणसांनो, तुम्हाला वाटतं पोरगी शहराची झाली, आणि तसं काही प्रमाणात झालंही आहे. आता मला डाळ फिकी आवडते, ड्युटीच्या वेळा सांभाळून सण येतात. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हीही कधीतरी म्हणाला असाल, मले काई बी चालते. म्हणू नका. काय लागतं ते सोबतच्यांना सांगून टाका.

परवा बाबांनी फोनवर एक गोष्ट सांगितली. घरोघरी माणसांची नोंद करणारी बाई आली होती. घरात किती जण, असं तिने मायला हाताने विचारलं. मायने चार बोटं दाखवली. बाबा तीन बोटं दाखवून म्हणाले, तीन लिहा, पोरगी नागपूरले असते. माय मध्ये आली आणि तिने पुन्हा चार बोटं धरली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. म्या त्या बाईले म्हटलं, बाई, चारच हाओत आमी. एक ड्युटीवर गेली आहे."